माणिकगडचा उजवा शंख

१

खुर्शीदाची तक्रार एवढीच होती, की प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर अजीम देतो.

गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारी, पासपोर्ट फोटो कधी मिळतील? सादिकने तोंड उघडायच्या आत अजीम सांगे, परसों. बल्लारशाला ट्रक उलटला, तर अजीम असं वर्णन करी की जणू तो ट्रकच्या टपावरच बसला होता. जावई आहे. जावयानं जावयासारखं बसावं, चहा प्यावा, पानाचा डबा पुढे केला तर एक विडा उचलावा. पण नाही. खुर्शीदाच्या मरहूम नवऱ्याच्या खुर्चीत बसून हा माणूस साऱ्या राजुऱ्याचा वकील झाला होता.

"पोरीच्या, अरीबाच्या तोंडाकडं पाहून गप राहते मी," ती शेजारणीला सांगे. "नाई तर खुर्ची कवाच आत नेली असती."

रोशन फोटो स्टुडिओ पस्तीस वर्षांचा. नवरा गेल्यावर खुर्शीदानं तो बंद पडू दिला नाही. शाळा तिची दुसरीतच सुटली होती, पण अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्याच्या कामात तिचा हात धरणारा तालुक्यात नव्हता, आणि ही गोष्ट लोकांनी विसरू नये म्हणून ती अधूनमधून स्वतःच सांगत असे. कॅमेरा आता सादिक, तिचा मुलगा, सांभाळायचा.

ब्याण्णव सालच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी नागपूरहून राजदीप सर आले, तेव्हाही खुर्चीत अजीमच होता.

सर आले होते हर्षासाठी. हर्षा ही वडशाच्या श्रावण मास्तरांची मुलगी. स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन वर्षांपासून भाड्यानं राहत होती, आणि दगड होऊन गेलेल्या जुन्या जीवांवर सरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होती. सुरुवातीला खुर्शीदाला वाटलं, पोरीला काहीतरी बाधा झाली आहे. एवढी एमएस्सी झालेली मुलगी पोत्यानं गोटे घरात आणते. मग हळूहळू तिला समजलं. माणिकगडच्या डोंगरात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये चुनखडीचा हातभर पांढुरका थर आहे. त्यात शंख सापडतात. सगळे गोड्या पाण्यातले, तळ्यातल्या गोगलगायींचे. पण डिसेंबरात एक वेगळा निघाला. अंगठ्याएवढा, टोकदार, समुद्रातला. जगात कुठे नोंद नसलेली जात, असं हर्षाचं म्हणणं. म्हणजे कोणे एके काळी समुद्राचा एक फाटा इथवर घुसला होता.

नव्या जातीचं वर्णन लिहून छापावं लागतं, आणि ज्या एका दगडावरून ते लिहिलं तो दगड कायमचा संग्रहालयात जमा करावा लागतो. दगड नाही तर जात नाही. हर्षानं वर्णन लिहून सरांना धाडलं होतं. दगड पाहून सर सही करणार होते. तिची शिष्यवृत्ती मार्चला संपत होती, आणि ही सही झाली नाही तर वडशाला जाऊन शाळेत नोकरी शोधायची, हे तिनं घरी कबूल केलं होतं.

हर्षा पंधरा दिवस हेमलकशाकडच्या जंगलात दगड शोधत फिरून त्याच सकाळच्या गाडीनं परतली होती. पाय धुऊन तिनं कपाटातून बिस्किटांचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. कापसावर शंखाचा दगड होता. शेजारी तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती.

हर्षानं दगड उचलला. फिरवून पाहिला. खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला.

"सर, हा माझा नाही."

राजदीप सरांनी बॅगेतून एक फोटो काढला. हर्षा जंगलात गेल्यावर रोशन स्टुडिओतूनच टपालानं गेलेला, शंखाचा काळा-पांढरा फोटो, मापासाठी शेजारी काडेपेटीतली एक काडी ठेवलेली. त्यांनी तो दगडाजवळ धरला आणि भिंग लावून दोन्ही आलटूनपालटून पाहिले.

"हर्षा," ते म्हणाले, "हा तोच आहे."

२

राजदीप सर ओरडणारे नव्हते. खुर्शीदाला ते त्यामुळेच जास्त कडक वाटले.

"शंखाचं टोक वर धरायचं आणि तोंड आपल्याकडं," ते तिला समजावत होते, कारण ती दारात पदर खोचून उभी होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. "तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा. डाव्या हाताला आलं तर डावा. समुद्रातले जवळजवळ सगळे उजवे असतात. आणि तुमच्या या डोंगरात तळ्यातला जो शंख ढिगानं सापडतो, तो डावा."

"आणि हा?"

"डावा. फोटोतलाही डावा."

हर्षानं लिहिलेलं वर्णन टेबलावर होतं. तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. "वेढे सात, उजवे. प्रत्येक वेढ्यावर दोन बारीक कंगोरे. तोंडाच्या बुडाशी अरुंद पन्हळ. हे मी दगड हातात धरून लिहिलंय, सर. या दगडाला वेढे चारच आहेत. कंगोरा एकही नाही."

"टोक झिजलंय. फोटोतही टोक काळं पडलंय, वेढे मोजता येत नाहीत. कंगोरे दिसतात खरे, पण तिरप्या उजेडात साध्या रेघाही कंगोऱ्यासारख्या दिसतात. लिहिलेलं आणि फोटो जुळेना, म्हणून तर मी स्वतः आलो. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. चुकलीस म्हणतो."

"चुकले असते तर मी मान्य केलं असतं."

सरांनी भिंग बॅगेत ठेवलं. "समुद्राचा शंख ठरला असता तर तो थर राखून ठेवा म्हणून मी कलेक्टरांना लिहिणार होतो. एवढं मोठं काम होतं ते. पण एका दगडावर उभं होतं, आणि तो दगड हा आहे. मी सही कशावर करू?"

हर्षा रडली नाही. ती चिठ्ठीची घडी घालत बसली. घडी घातली, उघडली, परत घातली. खुर्शीदाला ते बघवेना.

"सर, गाडी केव्हाची तुमची?"

"पाचची."

"आता अकरा वाजले. भुकेल्या पोटी माणूस चांगलं ठरवत नाई. जेवून जा. तवरिक मी विचारपूस करते."

"विचारपूस कसली?"

"घर माझं आहे," खुर्शीदा म्हणाली. "पोरगी म्हणते दगड बदलला. म्हणजे माझ्या घरात कोणी हात घातला. ते मले पायलं पायजे का नाई?"

तिनं डबा उचलून दारात उजेडाला नेला. मागच्या खोलीत यायला दुकानातूनच एक वाट. बाहेरचा माणूस तिथवर येऊ शकत नव्हता. चिठ्ठी तीच, डबा तोच. फक्त कापसाला राखाडी भुकटी लागली होती. बारीक, पिठासारखी. हर्षा प्रत्येक दगड ब्रशनं घासून धुऊनच ठेवायची. अंगणातला नळ तिच्या गोट्यांपायी दोन वर्षं वाहत होता.

ही भुकटी खुर्शीदाला ओळखीची होती. गिट्टी फोडायच्या क्रशरची धूळ. खदानीवरचा लटारू आला की दुकानाच्या फरशीवर त्याच्या पावलांचे ठसे याच रंगाचे उठायचे.

३

लटारू माणिकगडच्या पायथ्याचा. त्याच डोंगरातल्या अजीमच्या गिट्टी खदानीवर कामाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी हर्षाला डोंगर दाखवत फिरायचा. तो शंख त्यालाच सापडला होता. मंगळवारी राजुऱ्याचा बाजार, म्हणून तो गावातच होता. खुर्शीदानं निरोप धाडला, तर मिरच्यांची पिशवी घेऊन हजर झाला आणि अंगणात उकिडवा बसला.

"बाई, मले चोर म्हणून राह्यले का तुमी?"

"मी विचारून राह्यली. म्हणणं नंतर. शुक्रवारी आला होता तू?"

"आलो होतो. मॅडमनं सांगतलं होतं, पोतंभर दगड आणून ठेवजो. तुमी बल्लारशाले कोणाच्या तरी मयतीच्या चाळीसव्याले गेल्या होत्या. सादिकभाऊ वडशाले. दुकानात आमचे खदानीचे मालक बसून होते. मी पोतं खोलीत टाकलं अन् गेलो."

"खोलीत गेला ना?"

"पोतं काय हवेत ठेवू?"

"हर्षावर तुहा राग आहे म्हणतात."

लटारूनं मिरच्यांच्या पिशवीचं तोंड बांधलं. "राग म्हणजे कसा बाई, तिनं सांगतलं, शंखाले नाव देऊ. मले वाटलं माह्यं देईल. तर म्हणते माणिकगडाचं देऊ. डोंगरानं काय केलं जी? वाकलो मी. पाठ माही दुखली."

खुर्शीदाला हसू आलं, पण तिनं ते बाहेर पडू दिलं नाही. "तो शंख कसा होता? बोटानं दाखव."

लटारूनं हवेत बोट धरलं आणि गोल फिरवत वर नेलं. विचार न करता, सरळ. "बोल्टासारखा. आपण बोल्ट कसतो ना, तसाच पेच. क्रशरचे बोल्ट कसू कसू हात बसला माहा. त्याले हातात घेतलं अन् म्हटलं, मॅडम, याले पाना लावून पाहू का?"

"उजवा, मंग."

"मले उजवं-डावं नाई समजत. बोल्ट समजते."

खुर्शीदानं आतून डब्यातला दगड आणून त्याच्या हातावर ठेवला. लटारूनं तो अंगठ्यानं चाचपला आणि लगेच परत दिला, नासकं वांगं परत द्यावं तसा.

"हा तर तळ्यातला. असे तर खदानीत फावड्यानं निघते. याच्यासाठी मॅडम कशी येड्यासारखी नाचली असती?"

ती विचार करत उभी राहिली. हा माणूस बदलायला गेला असता, तर बोल्टासारखाच शोधून आणला असता. त्याच्या बोटांना दुसरा चाललाच नसता. धूळ त्याच्या खदानीची होती खरी, पण खदानीत एकटा लटारूच नव्हता.

लटारू उठला आणि दारापर्यंत जाऊन थांबला.

"बाई, राग नोका येऊ देऊ. तुमच्या काचेत त्या शंखाचा फोटो लावला ना, तो पाहून मी रस्त्यावर उभा राहून हासलो."

"काऊन?"

"उलटा आहे जी तो. मले वाटलं, तुमचा कॅमेरा त्या दिवशी थोडी घेऊन आला."

४

सादिक आदल्याच दिवशी वडशाहून आला होता. हिवाळ्यात तिथे नाटक मंडळ्यांचे तळ पडतात, आणि जाहिरातीच्या फोटोंसाठी सादिकचे दोन आठवडे तिकडेच जातात. खुर्शीदानं त्याला जेवणावरून उठवलं नाही, पण समोर बसून त्याचा घास जड केला.

"अम्मी, मी इथी नव्हतोच."

"दगड कवा गायब झाला ते कोणाले माहीत? त्या खोलीत तुले रंगीत फोटोची मशीन ठेवायची आहे. पोरगी गेली तर खोली मोकळी."

"मशीन ठेवायची आहे, पोरीले हाकलायची नाई. दोन वर्षांपासून ती मले राखी बांधते, अम्मी. तू तर हद करते."

"दगडाचा फोटो तूच काढला ना? पेच कसा होता, दाखव."

सादिकनं डाळीनं भरलेलं बोट ताटात फिरवलं. लटारूसारखंच. "कॅमेऱ्यातून अर्धा घंटा पाहत होतो. तोंड उजवीकडं होतं, म्हणून उजेड उजवीकडून टाकला. नाई तर तोंडात सावली पडते."

"मंग फोटोत तोंड डावीकडं कसं?"

"ते मले काऊन विचारते? मी तर फिल्म धुऊन तुह्या हातात देऊन गेलो. फोटो तू काढला, कागदावर."

खुर्शीदा उठली. तिला एकाएकी काही विचारावंसं वाटेना.

अंधाऱ्या खोलीत फिल्मचे तुकडे दोरीला चिमट्यांनी टांगलेले असत. तिनं तो तुकडा काढला. सहा चित्रांचा. सादिक फिल्म वाया घालवत नसे. कोरपन्याकडच्या एका लग्नाची फिल्म संपता संपता उरली, तिच्यावर त्यानं शंख काढला होता. पाचव्या चित्रात नवरा-नवरी, सहाव्यात शंख.

तिनं तुकडा दिव्यासमोर धरला आणि सगळं आठवलं.

लग्नाच्या जोडीत नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला हवी. लोकांना उलटं चालत नाही. सासू फोटो फेकून मारते. गर्दीत जोडी चुकीच्या बाजूनं उभी राहिली, तर तिच्या नवऱ्यानं शिकवलेला एक इलाज होता. फिल्म पालथी घालायची. मग कागदावर डावं उजवं होतं, नवरी आपल्या जागी येते आणि कोणालाच काही कळत नाही. कोरपन्याची ही जोडी चुकीचीच उभी होती. खुर्शीदानं तुकडा पालथा घातला, जोडीचा फोटो काढला, तुकडा एक घर पुढे सरकवला आणि शंखाचा काढला.

पालथा तुकडा सरळ करायचा राहून गेला होता.

पस्तीस वर्षांत तिच्या हातून कागद वाया गेला नव्हता, असं तिनं किती जणांना सांगितलं होतं. तिनं तुकडा परत दोरीला लावला. हवं तर इथेच थांबता येत होतं. सर पाच वाजता जातील, पोरगी मार्चमध्ये जाईल, आणि रोशन स्टुडिओचं नाव जसंच्या तसं राहील.

ती स्टुलावर बसली. मग तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती पहिलीहून वाईट होती. शंख उजवा होता. डावा तो फक्त तिच्या फोटोत झाला. आणि चोरानं बदल्यात आणून ठेवला, तोही डावा. म्हणजे ज्यानं दगड बदलला, त्यानं जोडीदार शोधण्याआधी खरा शंख हातात धरून कधी पाहिलाच नव्हता, आणि उचलतानाही घाईत नीट पाहिला नव्हता. त्यानं जोडीदार शोधला, तो तिचा फोटो पाहून.

५

तसा फोटो पाहिलेली माणसं शंभर असतील. काचेतून सारा बाजार बघत होता. पण बाजार मागच्या खोलीत जात नाही. सरांकडेही फोटो होता. पण त्यांच्याजवळ हर्षाचं लिहिलेलंही होतं, त्यात उजवा असं साफ म्हटलं होतं, आणि ते या घरात आज पहिल्यांदा आले होते. शुक्रवारी, घरात दुसरं कोणी नसताना, दुकानात बसलेला, क्रशरच्या धुळीत वावरणारा माणूस एकच उरत होता. पण बसणं म्हणजे चोरणं नव्हे. खुर्शीदा अरीबाची आई होती. तिला अंदाज नको होता.

एक गोष्ट तिच्या बाजूनं होती. परक्या मुलीच्या खोलीत जावयानं जाऊ नये, हे अजीम कटाक्षानं पाळायचा, निदान लोकांदेखत. खरा शंख त्यानं पाहिला असेल तर कधी, हे त्यालाच सांगावं लागणार होतं.

तिनं सगळ्यांना दुकानात बसवलं. सर, हर्षा, सादिक, लटारू दाराशी. अजीम खुर्चीत होताच. चहा आला.

"सर," खुर्शीदा म्हणाली, "माही एक अडचण आहे. तुमी म्हणता हा तोच दगड. हर्षा म्हणते नाई. लटारू, सादिक तर तिच्याच बाजूचे. आणखी कोणी पायला असता तर बरं झालं असतं."

तिनं कोणाकडेच पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"मैंने देखा है ना, अम्मी," अजीम म्हणाला.

"तुमी? कवा?"

"लटारू लाया था उसी दिन. खदान के ऑफिस में. मेरे हाथ में दिया." त्यानं डब्यातला दगड उचलून सरांपुढे धरला. "सर, मी कसम खाऊन सांगतो, हाच होता. हर्षाताई चांगली मुलगी आहे, पण उन्हात फिरून फिरून माणसाचं होते कधी कधी. चुकीत काय एवढं?"

लटारूनं तोंड उघडलं. खुर्शीदानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

"पेच ध्यानात आहे तुमच्या?" तिनं विचारलं.

"क्यों नहीं." अजीमनं हवेत बोट फिरवलं. डावीकडे, ऐटीत. "ऐसा. आपने फोटो लगाया है काच में, बिलकुल वैसाच. फोटो कधी झूठ बोलते का?"

"हर्षा," खुर्शीदा म्हणाली, "लटारूनं तो दगड कुठी दिला तुले?"

"डोंगरावरच, खाला. मी चार हातांवर होते. तिथून माझ्या पिशवीत, पिशवीतून या डब्यात. खदानीच्या ऑफिसात आम्ही गेलोच नाही."

"खरं आहे जी," लटारू म्हणाला. आता त्याला कोणी अडवलं नाही.

अजीमनं चहाचा कप बशीत ठेवला. "शायद दूसरा कोई दिन होगा," तो म्हणाला.

"असंल," खुर्शीदा म्हणाली. "सर, पाच वाजायले वेळ आहे. जरा आत या. फोटो खोटं बोलते का नाई, ते मी दाखवते."

६

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली सहा माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. सादिक दाराला टेकून होता, म्हणजे अजीमला बाहेर पडायचं तर मेहुण्याला बाजूला करावं लागलं असतं.

"फिल्मले दोन बाजू राहते," खुर्शीदा म्हणाली. "एक चकचकीत, एक मंद. मंद बाजू खाली, कागदाकडं ठेवली, तर फोटो सुलटा. काठावरचे हे आकडे पाहा, सर. चकचकीत बाजू तुमच्याकडं असली की सरळ वाचता येते. येते ना?"

"येतात," सर म्हणाले.

"आता मी तशीच सुलटी घालते."

तिनं कागदावर उजेड पाडला, मनातल्या मनात दहा मोजले, आणि कागद औषधाच्या पाण्यात सोडला. पांढऱ्यावर आधी काडी आली. मग टोक, या वेळी काळं न पडता, मग वेढे, कंगोऱ्यांच्या दुहेरी रेघा, आणि शेवटी तोंड. ते उजवीकडे होतं.

सर खाली वाकले. त्यांनी भिंग काढलं नाही, वेढे बोटानं मोजले. सात.

"मंग पहिला फोटो डावा कसा निघाला?" खुर्शीदानं स्वतःच विचारलं, कारण दुसऱ्या कोणी विचारलेलं तिला सोसलं नसतं. "मी फिल्म पालथी घातली म्हणून. त्याच्या आधी एका जोडीची नवरी बाजू चुकली होती. ती सरकवायले पालथी केली, अन् सुलटी करायची भुलली. चूक माही आहे. सादिकची नाई, हर्षाची नाई. तुमी कागदात तसं लिहा. स्टुडिओचं नाव लिहा."

"अम्मी," सादिक म्हणाला.

"गप रह्य."

हर्षानं ओला फोटो चिमट्यानं उचलून धरला. त्यातून थेंब गळत होते, तिचं लक्ष नव्हतं. "पण म्हणजे, ज्यानं दगड बदलला..."

"त्यानं माह्या चुकीवर भरोसा ठेवला," खुर्शीदा म्हणाली. "लटारूच्या हाताले पेच ठाऊक होता, सादिकच्या डोळ्याले ठाऊक होता, तुह्या वहीत लिहिला होता. या तिघांतल्या कोणी डावा आणून ठेवला नसता. डावा त्यानं आणला ज्यानं काचेतला फोटो पाहून खदानीच्या ढिगात हात घातला. अन् आज दुकानात बसून, मी खरा पायला, हातात घेतला, डावा होता, असं कसम खाऊन सांगणारा एकच निघाला. ज्यानं खरा नीट पायला त्याले तो डावा दिसूच शकत नाई."

लाल दिव्यात अजीमचा चेहरा नीट दिसत नव्हता. तो कोणाकडे बघत होता हेही कळत नव्हतं.

"जीप में है," तो शेवटी म्हणाला.

सादिक त्याच्याबरोबर गेला. दोघं परत आले तेव्हा अजीमच्या हातात तंबाखूची डबी होती, आणि तिच्यात रुमालात गुंडाळलेला शंख. हर्षानं तो घेतला, टोक वर धरलं, तोंड आपल्याकडे केलं. मग सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तिथेच, दुकानाच्या काउंटरवर, वर्णनाचा शेवटचा कागद ओढून सही केली. पेन दोनदा झटकावं लागलं.

"अम्मी, फेकून देणार होतो वर्धा नदीत," अजीम सांगत होता. आता तो मराठीत बोलत होता, कदाचित सगळ्यांना समजावं म्हणून. "नाही फेकला. मेरी भी सुनो. थर राखून ठेवणार, असं हर्षाताईनं घरात सांगितलं होतं. मग खदान बंद. वीस घरं आहेत त्या खदानीवर. हा लटारू पण आहे. माझी पोरं आहेत, अरीबा आहे. मी माझ्या एकट्यासाठी नाही केलं."

"वर्षभर मी डोंगरावर ओरडलो का दगड फोडायचा भाव वाढवा," लटारू म्हणाला, "तवा माहं घर नाई मोजलं मालकानं."

सर मध्ये बोलले. थर हातभरच आहे, डोंगराच्या एका कडेला. तेवढी कड सोडली तर बाकीच्या खदानीला हात लागेलच असं नाही, बोलून बघता येईल. अजीमनं पटकन मान वर केली. खुर्शीदाला ती मान तेवढ्या पटकन वर आलेली आवडली नाही.

घरात ती लेकी-जावयाशी हिंदीत बोलायची. मराठी तिची बाजाराची आणि गिऱ्हाइकांची भाषा होती, आणि राग आला की तिला तीच सुचायची.

"अजीममियाँ, बसू नका, उभे राहा," ती म्हणाली. "पोटासाठी दगड फोडता, त्याले मी कधी वाईट म्हटलं नाई. मले येऊन सांगतलं असतं का, अम्मी, हा शंख माह्या पोटावर पाय देऊन राह्यला, तर मी या सरांसमोर तुमच्याकडून भांडली असती. तुमी काय केलं? पोरीले उन्हाचं येड लागलं म्हणून सांगतलं, तिच्या तोंडावर, चहा पिता पिता. कलेक्टरले जो कागद जाईल त्याच्यावर दगड कोणी बदलला ते येईल का नाई, ते हर्षा ठरवेल. मी नाई, सर नाई, अन् तुमी तर नाईच. अरीबाले मी काही सांगणार नाई. ते तुमचं तोंड सांगेल, आज घरी गेल्यावर. ईदेले या, जेवाले या, मी वाढीन. पण दोन वर्षं ही पोरगी माह्या घरात कुलपाशिवाय निजली, कारण मी तिले म्हटलं होतं, इथी भेव नाई. ते माहं बोलणं तुमी खोटं केलं. आता बाजारात जा अन् एक मजबूत कुलूप घेऊन या. चावी हिच्या हातात द्या. दुकानदारानं विचारलं, कोणाच्या भेवानं लावून राह्यले, तर सांगा, माह्या."